जुना फ्लॅट घेऊन, नीट करून विकायचाय? आधी गळती शोधा

माझा पहिला जुना फ्लॅट पुण्यात धनकवडीकडे घेतला होता. १९८९ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके. मी हौसेने नवे दरवाजे लावले, ओटा नवा केला, रंग छान फिकट दिला, आणि बाथरूममध्ये मात्र जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या, कारण मिस्त्री म्हणाला कशाला फोडता साहेब, वरूनच मारू, तीस-पस्तीस हजार वाचतील. ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक मिळालं, टोकन दिलं, आणि जाता जाता त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सहज विचारलं की बिल्डिंग कशी आहे. काकूंनी त्यांना आत नेऊन देवघराच्या वरचा स्लॅब दाखवला. ओला, पिवळा डाग, रंगाचे पापुद्रे लोंबतायत. दुसऱ्या दिवशी टोकन परत द्यावं लागलं, बाथरूम परत फोडलं, काकूंचा स्लॅब आणि रंग आपल्या पैशाने करून दिला आणि विक्री चार महिने लांबली. वाचवलेल्या तीस हजारांच्या बदल्यात सगळं मिळून दोन लाखांच्या वर गेले.

तेव्हापासून मी जुन्या घरात आधी दोन गळत्या शोधतो, एक पाण्याची आणि एक कागदाची. बाकी टाइल्स, लाइट, मॉड्युलर किचन हे सगळं त्यानंतर. नव्याने यात पडणारे लोक नेमकं उलटं करतात म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. मी लिहितोय ते महाराष्ट्रातल्या, त्यातही पुण्यासारख्या शहरातल्या सोसायटीच्या रिसेल फ्लॅटबद्दल. बंगला, वाडा, पागडीची खोली यांचे नियम वेगळे, पहिल्या वेळी त्यात जाऊच नका.

आधी गणित, तेही उलटं

बहुतेक जण असं बोलतात की ४२ ला घेतला, सहा लाख लावले, ५५ ला विकला, म्हणजे सात लाख सुटले. नाही सुटत. चला मांडून बघू. समजा पुण्यात ४२ लाखांचा फ्लॅट आहे. स्टॅम्प ड्युटी पुणे शहरात मेट्रो अधिभार वगैरे धरून ७ टक्के, म्हणजे २ लाख ९४ हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण कमाल ३० हजार, तर ते ३० हजार. वकील आणि सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) २० हजार धरा. सोसायटीचं ट्रान्स्फर प्रीमियम, महापालिका हद्दीत कमाल २५ हजारच घेता येतं (काही सोसायट्या 'डोनेशन' म्हणून जास्त मागतात, तसं मागता येत नाही, नम्रपणे पण ठामपणे सांगायचं). एजंट १ टक्का, ४२ हजार. दुरुस्ती ६ लाख. आठ महिने मेंटेनन्स १६ हजार. ३० लाखांचं लोन ९ टक्क्यांनी आठ महिने चाललं तर व्याज १ लाख ८० हजार. बेरीज करा, ५४ लाख ७ हजार होते. ५५ ला विकला आणि विकताना परत एजंटला १ टक्का दिला की हातात ५४ लाख ४५ हजार. म्हणजे आठ महिन्यांची धावपळ करून ३८ हजार, आणि त्यावर टॅक्स अजून बाकीच आहे.

म्हणून गणित विक्रीच्या बाजूने सुरू करायचं. नीट केलेला असाच फ्लॅट त्याच गल्लीत खरंच कितीला जातो ते शोधा, त्यातून वरचे सगळे खर्च वजा करा, आपल्याला हवा तो नफा वजा करा, मग जे उरेल ती तुमची जास्तीत जास्त किंमत. वरच्याच उदाहरणात तोच फ्लॅट साडेसदतीस लाखांना मिळाला (लोन २७ लाखांचं धरून) तर टॅक्सच्या आधी साधारण ५ लाख ४० हजार उरतात. तर मालकाशी बोलताना माझ्या डोक्यात साडेसदतीस हाच आकडा पक्का असतो, मालक ४० वर अडून बसला तर चहा पिऊन उठायचं. वाईट वाटतं, घर आवडलेलं असतं, पण उठायचं.

'खरंच कितीला जातो' हे ऑनलाइन जाहिरातींवरून कळत नाही, तिथे मालकाची इच्छा लिहिलेली असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे गाव, सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर टाकून झालेल्या व्यवहारांची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश, बघता येते, त्यात मोबदला लिहिलेला असतो. एक रविवार त्यात घालवा. त्याच बिल्डिंगमधले किंवा शेजारच्या बिल्डिंगमधले दोन-तीन व्यवहार मिळाले की एजंट काय सांगतोय आणि खरं काय आहे ते समोर येतं.

रेडी रेकनर, म्हणजे त्या भागासाठी सरकारने ठरवलेला दर, तोही तेव्हाच बघून ठेवा. स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यातल्या जास्तीवर लागते, त्यामुळे तुम्ही घासाघीस करून स्वस्तात घेतला तरी ड्युटी कमी होईलच असं नाही. आणि रेडी रेकनरची किंमत तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर असेल तर तो फरक इन्कम टॅक्सवाले घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. फार पडीक फ्लॅट फार स्वस्तात मिळतो तेव्हा हे होतं, म्हणून आनंद होण्याआधी सीएला फोन करा.

एक सोपी बचत आहे. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, फक्त तिच्या एकटीच्या, नवरा-बायको जोड नावावर नाही मिळत. आधी अट होती की पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना ती सवलत बिनकामाची होती, पण २०२३ मध्ये ती अट काढली. ४२ लाखांवर ४२ हजार वाचतात. अर्थात घर खरंच तिचं होणार आहे हे लक्षात ठेवून, तिला सगळं समजावून सांगून, तिच्या सहीने करा. नुसतं नाव वापरायचं म्हणून करू नका.

लोनचं थोडक्यात. ३० लाखांपर्यंतच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन सहसा त्यात धरत नाहीत, ते खिशातून. जुन्या बिल्डिंगला बँक वय बघून लोन कमी करते किंवा नाहीच म्हणते, आणि लक्षात घ्या, तुम्हाला नाही म्हणाली तर तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकालाही नाहीच म्हणणार आहे. फ्लोटिंग रेटचं होम लोन वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, म्हणून आपल्या कामाला फ्लोटिंगच बरं. आणि दुरुस्तीचे पैसे आधीच बाजूला काढलेले असले पाहिजेत. घर घेण्यातच सगळे पैसे संपले आणि अर्धं फोडलेलं घर सहा महिने तसंच पडलंय, ईएमआय चालू आहे, असं मी ओळखीत दोनदा पाहिलंय, त्या माणसांची झोप उडालेली असते.

कागदाची गळती

इथे कंजूषी करू नका, चांगला वकील करा, आणि एजंटचा वकील नको, स्वतःचा. वकील ३० वर्षांचा सर्च घेतो, पण तुम्हालाही काय विचारायचं ते माहीत पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे करारांची साखळी. बिल्डरकडून पहिल्याने घेतला तो करार, मग त्याने विकला तो, मग आत्ताचा, सगळे ओरिजिनल, सगळे रजिस्टर केलेले, प्रत्येकाची इंडेक्स टू. मधला एक जरी नुसत्या नोटरीवर किंवा पॉवर ऑफ अॅटर्नीवर झालेला असेल तर थांबा. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अशा पॉवर ऑफ अॅटर्नीच्या विक्रीने मालकी येत नाही. 'इकडे सगळ्यांचं असंच आहे हो' हे वाक्य ऐकलं की पिशवी उचलायची.

दुसरी, भोगवटा पत्र, म्हणजे बिल्डिंग राहायला वापरता येईल असं महापालिकेचं पत्र. जुन्या बिल्डिंगांना कितीतरी ठिकाणी नसतंच, किंवा चार मजल्यांचं आहे आणि पाचवा वर चढवलाय. मी तरी पहिल्या दोन-तीन व्यवहारांत भोगवटा पत्र नसलेलं काही घेऊ नका म्हणेन. गुंठेवारीतली (परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची) बांधकामंसुद्धा लांब ठेवा, स्वस्त असतात त्याला कारण असतं. जमीन वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटी असलेली, आहे का तेही बघा, असेल तर कलेक्टरची परवानगी लागू शकते.

तिसरी, आणि जुन्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त भेटणारी, ती म्हणजे वारस. पडीक फ्लॅट पडीक का असतो? बऱ्याचदा आजी-आजोबा गेले, मुलं बाहेर, एक अमेरिकेत, एक बहीण नाशिकला, आणि इथला भाऊ 'मीच बघतो सगळं' म्हणतो. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून त्याचं नाव चढलेलं असतं आणि त्याला मनापासून वाटत असतं की घर आपलं झालं. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो फक्त सांभाळणारा. सगळ्या वारसांची सही हवी, नाहीतर बाकीच्यांचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र हवं. मी अशा एका व्यवहारात नाशिकच्या ताईंना स्वतः जाऊन भेटलो, भावाने त्यांना विक्रीचं सांगितलंच नव्हतं. भांडण नव्हतं, फक्त बोलणं राहिलं होतं, सहा वर्षं. त्या रडल्या, मग भावाला फोन केला, मग महिन्याभरात सगळं सुरळीत झालं. आईच्या घरातली पितळेची भांडी तेवढी त्यांना हवी होती. मी काम सुरू करायच्या आधी ती मोजून पोचती केली. घर घेताना माणसं पण समोर असतात हे विसरू नये.

पेपरात जाहीर सूचना द्यायला सांगा, पंधरा दिवसांची, कोणाचा हक्क असेल तर समोर येतो. मालकावर लोन असेल तर ओरिजिनल कागद बँकेत असणार, बँकेकडून कागदांची यादी आणि बाकी रकमेचं पत्र घ्या आणि ती रक्कम थेट बँकेच्या खात्यात भरा, मालकाच्या नाही. मालक परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचा (पैसे देताना कापून सरकारला भरायच्या टॅक्सचा) हिशोब पूर्ण वेगळा आणि बराच जास्त असतो. इथला रहिवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा, न भरल्यास नोटीस तुम्हाला येते.

आणि रोख. कोणी ना कोणी म्हणतंच, 'दहा कॅश द्या, कमी करू.' घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्याने चालत नाही, घेणाऱ्याला दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय तुम्ही दिलेले ते दहा लाख कुठल्याच कागदावर नाहीत, मग विकताना तुमची खरेदी किंमत कमी दिसते आणि नफा जास्त, त्यावर टॅक्स तुम्हीच भरता. नाही म्हणा, बस.

सोसायटीत सेक्रेटरींना भेटून चार गोष्टी विचारा: थकबाकी किती, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, टँकर किती येतात, आणि रीडेव्हलपमेंटचं काही चाललंय का. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वरच्या बिल्डिंगचं दर ३ वर्षांनी व्हायला पाहिजे. झालेलं असेल तर रिपोर्ट वाचायला मागा. त्यात मोठी दुरुस्ती सुचवली असेल तर लवकरच प्रत्येक फ्लॅटमागे लाखभर तरी वर्गणी निघणार, ती तुमच्या गणितात यायला हवी. आणि रीडेव्हलपमेंट खरंच जवळ आली असेल, म्हणजे सभा होऊन बिल्डर ठरतोय, तर इटालियन टाइल्स घालून काय उपयोग, सगळं पडणारच आहे. तेव्हा एकतर घर राहण्यासारखं करून ठेवा आणि थांबा, नाहीतर दुसरं बघा.

पाण्याची गळती

घर बघायचा सगळ्यात चांगला महिना जुलै-ऑगस्ट. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक भिंत कोरडी असते आणि मालकाने नुकताच रंग दिलेला असतो. पावसाळ्यात जाता आलं नाही तर निदान खुणा वाचायला शिका. भिंतीच्या खालच्या हातभर भागात पांढरा खार फुटलाय का, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलाय का, कपाटाच्या मागे वास येतोय का. एकाच खोलीत एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघा, बहुतेक वेळा बाथरूमच असतं.

एक पाच रुपयाचं नाणं खिशात ठेवा. टाइल्सवर, प्लास्टरवर, स्लॅबच्या खालच्या बाजूला टकटक करत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आतून सुटलंय. स्लॅबला किंवा बीमला सळईच्या रेषेत सरळ चीर गेली असेल किंवा गंजाचा तांबूस डाग असेल तर आतली सळई गंजून फुगतेय, ते पुट्टीने झाकायचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. दोन-चार हजार फी घेईल, लाखो वाचवेल. दरवाजाच्या चौकटी खालून दाबून बघा, वाळवी लागलेली चौकट बोटाने आत जाते.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि न्हाणी ट्रॅपकडे (जमिनीतल्या जाळीकडे) किती वेळात जातं ते बघा, कोपऱ्यात साचतंय का. सगळे नळ एकदम उघडा, जुन्या जीआय (लोखंडी) पाइपात आतून गंज बसलेला असतो, धार बारीक येते. टॉप फ्लोअर असेल तर टेरेसवर चढा. टेरेसची आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, तुमच्या बाथरूमची तुम्ही, पण सोसायटीकडे पैसे आहेत का हा वेगळा प्रश्न.

आणि मग खालच्या मजल्यावर जा. बेल वाजवा, आपली ओळख सांगा, 'काकू, वरचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे, तुमच्याकडे वरून काही पाणी येतं का?' एवढंच. खरं उत्तर तिथेच मिळतं. मला जे गिऱ्हाइकाने शिकवलं ते मी आता प्रत्येक वेळी स्वतः करतो.

लिलावाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून मध्येच सांगतो. बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली जप्त केलेले फ्लॅट ई-लिलावात विकतात, किंमत बरी दिसते. पण ते 'जसं आहे जिथे आहे' या अटीवर असतं, आत जाऊन नाणं वाजवायची संधी कधी मिळते कधी नाही. बोली लागली की लगेच, म्हणजे त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी, २५ टक्के (आधी भरलेली अनामत धरून), आणि विक्री पक्की झाल्यावर १५ दिवसांत बाकी ७५ टक्के. लोन तेवढ्यात होईलच असं नाही. आणि जाहिरातीत 'सांकेतिक ताबा' लिहिलं असेल तर घरात अजून माणसं राहतायत, ताबा मिळायला महिने जाऊ शकतात. पहिला फ्लॅट लिलावातून घेऊ नका, दोन-तीन सरळ व्यवहार केल्यावर बघा.

काम

पैसे दिसत नाहीत तिथे आधी खर्च करायचे. माझ्या सहा लाखांच्या दुरुस्तीत साधारण निम्मे पैसे अशा गोष्टींत जातात ज्या फोटोत दिसतच नाहीत: प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, खिडक्यांच्या बाहेरच्या कडा.

सुरू करायच्या आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या, कामाच्या वेळा विचारा, डिपॉझिट असेल तर भरा, राडारोडा कुठे टाकायचा ते ठरवा, जिन्यात पोती ठेवून शेजाऱ्यांचा रोष घेऊ नका. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही. बिल्डिंग लोडबेअरिंग असेल (जाड भिंती, कॉलम दिसत नाहीत) तर एकही भिंत इंजिनियरला विचारल्याशिवाय काढायची नाही. किचन-बाथरूमची जागा हलवून दुसऱ्याच्या बेडरूमवर आणायची नाही.

क्रम असा ठेवा. आधी तोडफोड, मग प्लंबिंग, पाइप सगळे सीपीव्हीसी (न गंजणारं प्लास्टिक). मग वायरिंगच्या झिऱ्या, सगळी वायर तांब्याची, नवा डीबी (स्विचचा मुख्य बॉक्स), एमसीबी (जास्त लोड झाला की बंद होणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की बंद होणारा) घालाच, अर्थिंग तपासून घ्या. एसी, गीझर, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, पाण्याच्या फिल्टरचा पॉइंट, हे सगळं आत्ताच, नंतर टाइल फोडून कोणी घालत नाही. भिंत बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून पाइपांचे आणि वायरचे फोटो काढून ठेवा.

मग बाथरूम. जुनं सगळं स्लॅबपर्यंत खरवडून काढा, जुन्या कोब्यासकट. पाइपांच्या भोवतीच्या फटी नॉनश्रिंक (वाळल्यावर न आकसणाऱ्या) ग्राउटने भरा, कोपऱ्यांना गोलाई द्या, वॉटरप्रूफिंगचे कोट भिंतीवर निदान फूट-दीड फूट आणि शॉवरच्या बाजूला अजून वर घ्या. आणि मग, हे सगळ्यात महत्त्वाचं, ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवा. मिस्त्री म्हणेल २४ तास बास, मी ४८ तास ठेवतो. दोन्ही दिवस खाली काकूंकडे जाऊन स्लॅब हाताने चाचपून बघतो. कोरडा असेल तरच पुढे. टाइल्स घातल्यावर अजून एकदा. कामगारांचे दोन दिवस रिकामे जातात म्हणून ठेकेदार कुरकुरतो, तर त्या दोन दिवसांत खिडक्यांचं काम लावा.

टाइल्स हिशोबापेक्षा १० टक्के जास्त घ्या आणि सगळ्या बॉक्सवर एकच बॅच आणि शेड आहे ना बघा, नंतर मिळत नाही. रंगाच्या आधी भिंत खरोखर वाळली पाहिजे. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की पुढच्या पावसात पापुद्रे सुटणार, त्यामुळे जमलं तर रंगकाम दिवाळीनंतर.

ठेकेदाराशी सगळं कागदावर. रेट मटेरियलसकट की नुसती मजुरी, स्क्वेअर फुटाने की उक्तं, कुठल्या कंपनीचा पाइप, किती जाडीची वायर. अॅडव्हान्स १० टक्क्यांच्या वर नको, बाकी टप्प्याटप्प्याने, टप्पा पूर्ण झाला की पैसे, आणि शेवटचे ५-१० टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत ठेवा, हे आधीच सांगून, लिहून. एकदा मी ४० टक्के आगाऊ दिले होते, ठेकेदार गावी गेला तो तीन आठवडे फोन उचलेना. पण एक सांगतो, कामगारांची मजुरी कधी थकवू नका. जो गवंडी तुमचं बाथरूम मनापासून करतो त्याला शनिवारी संध्याकाळी हातात पैसे मिळालेच पाहिजेत, माझ्याकडे आठ वर्षं एकच गवंडी आणि एकच प्लंबर आहेत ते यामुळेच.

फिनिशिंगमध्ये घराला शोभेल तेवढंच. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याच्या वन बीएचकेत कोण येणार? नवीन लग्न झालेलं जोडपं, गावाहून बदली होऊन आलेलं कुटुंब, पहिलं घर घेणारे. त्यांना फॉल्स सीलिंग नको असतं. त्यांना हवा असतो माळा, धुणं वाळत घालायला जागा, उजेड, दोन माणसं उभी राहतील असा ओटा, आणि पाणी. माळे काढून टाकायची फॅशन आहे, मी ठेवतो, नीट दारं लावून. गणपतीचं मखर, गाद्या, लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवणार माणसं?

विकताना किंवा भाड्याने देताना

खर्चाचं प्रत्येक बिल जपा, पैसे बँकेतून द्या. दुरुस्तीचा खर्च नफ्यातून वजा होतो तो बिल असेल तर. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर तुमच्या इन्कम टॅक्सच्या स्लॅबने टॅक्स लागतो, २४ महिन्यांच्या वर ठेवलं तर दीर्घ मुदतीचा, २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. म्हणून ३० टक्के स्लॅबमधल्या माणसाला घाईने विकण्यापेक्षा दोन वर्षं भाड्याने देऊन मग विकणं कितीदा तरी फायद्याचं पडतं, दोन्ही गणितं कागदावर मांडून बघा. वर्षाला तीन-चार फ्लॅट फिरवायला लागलात तर ते धंद्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं, तेव्हा सीएशी आधी बोला.

भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करायचाच, महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे, ऑनलाइन होतो. सोसायटी तुमच्याकडून बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) घेईल, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. भाडेकरू कोणत्या जातीधर्माचे, लग्न झालंय का, यावरून लोक अडवतात, मी असल्या अटी घालत नाही, वेळेवर भाडं आणि घर नीट ठेवणं एवढंच बघतो.

विकायला काढलं की गिऱ्हाइकाला मी एक फाइल देतो. करारांची साखळी, सर्च रिपोर्ट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, टॅक्स पावती, लाइट बिल, टाइल्सच्या बॅच नंबरची चिठ्ठी, उरलेल्या टाइल्सचा एक बॉक्स माळ्यावर ठेवलाय ते, आणि भिंतीआडच्या पाइपांचे ते टेप लावलेले फोटो. जिथे काही बाकी आहे ते पण सांगतो, उदाहरणार्थ बाहेरची ड्रेनेज लाइन सोसायटीची आहे आणि जुनी आहे. मग त्यांना म्हणतो, सावकाश बघा, आणि जाताना दुसऱ्या मजल्यावर काकूंची बेल वाजवा, त्यांना मी सांगून ठेवलंय.